जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यावर हॅम रेडिओचं सॉफ्टवेअर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या एका ओएमना (‘ओल्ड मॅन’, हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले एकमेकांना असंच म्हणतात) जनरल ग्रेडचं लायसन्स मिळालंय, सेकंडहँड आयसी-७३०० (आयकॉमचा एचएफ म्हणजे शॉर्टवेव्हचा रेडिओ) घेतलाय, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मुलाने त्याच्यावर लिनक्स मिंट टाकून दिलंय. आता एफटी८ (कॉम्प्युटरने क्षीण सिग्नलवर छोटे संदेश पाठवायचा डिजिटल मोड), लॉगिंग म्हणजे संपर्कांची नोंद आणि हँडीचं म्हणजे हातातल्या वॉकीटॉकीचं प्रोग्रॅमिंग एवढं सगळं यावर होईल का, का रेडिओपुरता एक विंडोजचा लॅपटॉप घ्यावा, असं त्यांनी विचारलंय. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय) डब्ल्यूएसजेटी-एक्स हे एफटी८ चं सॉफ्टवेअर टाकून बघितलं, उघडतं पण रेडिओ सापडत नाही, असंही लिहिलंय.

ओएम, आधी लायसन्सबद्दल मनापासून अभिनंदन. आणि लॅपटॉप घेऊ नका, ते पैसे अँटेनात घाला. तुम्ही जे जे सांगितलंय ते सगळं मिंटवर चालतं आणि चांगलं चालतं. फक्त वाइन आधी काढून टाका, कारण डब्ल्यूएसजेटी-एक्सला वाइन लागतच नाही, त्याची लिनक्सची स्वतःची आवृत्ती आहे, विंडोजची एक्सई फाइल उतरवून ती लिनक्सवर चालवायची धडपड करायचं कारणच नाही. नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. यूट्यूबवरचे व्हिडिओ विंडोजचे असतात, त्यात दाखवलेली फाइल आपण उतरवतो, ती चालत नाही, आणि मग लिनक्सवर हॅम रेडिओ होत नाही असं मत बनतं.

खरं म्हणजे या छंदातलं बरंचसं चांगलं सॉफ्टवेअर लिनक्सकडे बघूनच लिहिलेलं आहे. डब्ल्यूएसजेटीची म्हणजे डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या पूर्वजाची सुरुवात २००१ साली जो टेलर यांनी केली, कॉलसाइन के१जेटी, म्हणजे तेच ज्यांना जोडीने फिरणाऱ्या (बायनरी) पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, आकाशातून येणारा अतिशय क्षीण सिग्नल नॉइझमधून उपसून काढणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, आणि डिकोड करणारा गाभा आजही मोठ्या प्रमाणात फोरट्रानमध्ये आहे जो लिनक्सवर अगदी घरच्यासारखा कंपाइल होतो. रेडिओशी बोलणारी हॅमलिब ही लायब्ररी पण लिनक्सच्याच जगातून आली, आज विंडोजवरची कितीतरी सॉफ्टवेअर तीच वापरतात. पॅकेट रेडिओचा म्हणजे रेडिओवरून डेटा पाठवण्याचा एएक्स.२५ प्रोटोकॉल तर नव्वदच्या दशकातच लिनक्सच्या कर्नलमध्ये घातला गेला, कारण कर्नलवर काम करणाऱ्यांतले काही जण स्वतः हॅम होते. डेबियनमध्ये हॅम रेडिओच्या पॅकेजांचा वेगळा संचच आहे. आणि आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू२ईएसई, ज्यांचा बिटएक्स जगभरच्या लोकांनी घरी बनवला, त्यांचा पुढचा एसबिटएक्स हा अख्खा रेडिओच रास्पबेरी पायवर म्हणजे लिनक्सवर चालतो. तेव्हा आपण काहीतरी आडवाटेला आलोय असं मनात आणू नका.

मग लोक अडकतात कुठे? माझ्या अनुभवात तीनच जागा आहेत: पोर्ट, आवाज आणि घड्याळ. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणं हा सगळ्यात सोपा भाग, तो शेवटी करा. या तीन गोष्टी एकेक करून, एक पक्की झाल्याशिवाय दुसरीला हात न लावता, जुळवल्यात तर डब्ल्यूएसजेटी-एक्स उघडल्यावर फार काही करावं लागत नाही. सगळं एकदम जोडून मग काय बिघडलंय ते शोधायला बसलं की दिवस जातो.

पोर्टपासून सुरू करू. आयसी-७३०० ला मागे एक यूएसबी आहे, त्या एकाच केबलमधून दोन गोष्टी येतात, एक सिरियल पोर्ट आणि एक साउंड कार्ड. केबल जोडली की लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, तो कर्नलमध्येच आहे. टर्मिनल उघडून एलएसयूएसबी कमांड द्या, यादीत सिलिकॉन लॅब्जची चिप आणि ऑडिओ कोडेक असे दोन्ही दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर केबल बदला, चार्जिंगपुरत्या तारा असलेल्या यूएसबी केबली घरात पुष्कळ पडलेल्या असतात आणि त्या दिसायला तशाच असतात.

चिप दिसतेय पण सॉफ्टवेअर म्हणतंय परवानगी नाही, हे जवळजवळ प्रत्येकाला होतं. लिनक्समध्ये सिरियल पोर्ट वापरायला तुमचा यूझर डायलआउट नावाच्या ग्रुपात असावा लागतो, नवीन मिंटमध्ये तो नसतो. मिंटच्या यूझर्स अँड ग्रुप्स या सेटिंगमध्ये जाऊन डायलआउटवर टिक करा, आणि मग पूर्ण लॉगआउट करून परत लॉगिन करा, नुसती विंडो बंद करून भागत नाही, ग्रुप लॉगिनच्या वेळेलाच लागू होतो. काही लोक यावर उपाय म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर सुडोने म्हणजे रूट होऊन चालवतात, तसं अजिबात करू नका, सेटिंगच्या फायली रूटच्या मालकीच्या होतात, आणि साउंडही नीट मिळत नाही कारण आवाजाची सगळी व्यवस्था तुमच्या लॉगिनला बांधलेली असते.

दुसरं, पोर्टचं नाव. सगळीकडे टीटीवाययूएसबी शून्य असं लिहिलेलं सापडेल, पण हा आकडा जोडण्याच्या क्रमावर ठरतो. आज रेडिओ आधी जोडला तर तो शून्य, उद्या हँडीची केबल आधी लावली तर रेडिओ एक होतो आणि सॉफ्टवेअर हँडीच्या केबलशी बोलत बसतं. म्हणून डेव्ह फोल्डरच्या आत सिरियल, त्याच्या आत बाय-आयडी असा फोल्डर आहे तिथे बघा, तिथे प्रत्येक उपकरणाचं लांबलचक पण कायमचं नाव असतं, आयकॉमच्या बाबतीत त्यात रेडिओचं मॉडेल आणि सिरियल नंबरसुद्धा येतो. तेच नाव कॉपी करून सेटिंगमध्ये द्या, मग कितीही केबली काढा-घाला, काही बदलत नाही.

तिसरी भानगड हँडीच्या प्रोग्रॅमिंग केबलची. स्वस्त केबलींत बहुतेक वेळा सीएच३४० चिप असते. उबंटू २२.०४ आणि त्याच्यावर बेतलेल्या मिंटमध्ये बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम असतो, अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी. काही ब्रेल डिस्प्लेंमध्येही हीच चिप असल्यामुळे तो प्रोग्रॅम तुमची केबल ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेतो, आणि पोर्ट एक क्षण दिसून गायब होतो. डीमेसेज (dmesg) या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत हे स्पष्ट लिहून येतं. घरात कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका, केबल काढून परत लावा, झालं. तसंच मोडेममॅनेजर नावाची सर्व्हिस असते, ती नवीन सिरियल पोर्ट दिसला की हा मोबाइल डोंगल आहे का ते तपासायला त्यावर काहीबाही पाठवते. रेडिओ जोडल्याजोडल्या विचित्र वागत असेल तर तीही बंद करा, डोंगलवर नेट चालवत नसाल तर तिचा काही उपयोग नाही.

आणि हे मात्र लक्ष देऊन वाचा. लिनक्समध्ये एखादा प्रोग्रॅम सिरियल पोर्ट उघडतो त्या क्षणी आरटीएस आणि डीटीआर या दोन्ही लाइन आपोआप वर जातात. आयसी-७३०० च्या मेन्यूत यूएसबी सेंड आणि यूएसबी कीइंग अशी सेटिंग आहेत, सेकंडहँड रेडिओत आधीच्या मालकाने ती आरटीएस किंवा डीटीआरवर ठेवलेली असू शकतात. तसं असेल तर सॉफ्टवेअर उघडताच रेडिओ ट्रान्समिटला जाईल आणि तुम्ही अँटेना न जोडता टेबलावर टेस्ट करत असाल तर ते रेडिओला बरं नाही. दोन्ही ऑफ करा. पीटीटी म्हणजे ट्रान्समिटची कळ आपण कॅट कमांडनेच, म्हणजे कॉम्प्युटरकडून रेडिओला दिलेल्या हुकमानेच, देणार आहोत. पहिल्या टेस्टला अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा आणि पॉवर अगदी कमी ठेवा.

आता सॉफ्टवेअर न उघडता रेडिओशी बोलून बघायचं. हॅमलिबची पॅकेज टाकली की रिगसीटीएल नावाची कमांड मिळते. तिला मॉडेल नंबर द्यायचा, आयसी-७३०० साठी ३०७३, पोर्टचं ते लांब नाव आणि स्पीड द्यायचा, रेडिओत सीआय-व्हीचा (आयकॉमची कंट्रोलची भाषा) यूएसबी पोर्ट रिमोटपासून अनलिंक करून स्पीड ११५२०० केलात तर इथेही तेवढाच. मग आत छोटा एफ टाइप करून एंटर मारा. रेडिओच्या डायलवर जी फ्रिक्वेन्सी आहे ती हर्ट्झमध्ये समोर आली की तुमचं पोर्टचं काम संपलं. यापुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये रेडिओ सापडला नाही तर चूक त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे, लिनक्समध्ये नाही, हे तुम्हाला खात्रीने माहीत असेल. या एका टेस्टने वाचणारा वेळ फार मोठा आहे आणि तरी ती कोणी करत नाही याचं मला वाईट वाटतं.

एकाच वेळी दोन सॉफ्टवेअर रेडिओशी बोलणार असतील, समजा एफटी८ आणि लॉग, तर आणखी एक फरक. विंडोजवर दुसरा प्रोग्रॅम तोच पोर्ट उघडायला गेला तर त्याला सरळ नकार मिळतो. लिनक्स बहुतेक वेळा नकार देत नाही, दोघंही पोर्ट उघडतात आणि एकमेकांची उत्तरं पळवतात, मग फ्रिक्वेन्सी उड्या मारते, मध्येच कनेक्शन तुटतं, आणि कारण कळत नाही. त्यामुळे पोर्ट एकानेच धरायचा. एकतर रिगसीटीएलडी चालू ठेवा, तो पोर्ट स्वतःकडे ठेवतो आणि बाकीच्यांना नेटवर्कवरून ४५३२ नंबरवर सेवा देतो, नाहीतर एफएलरिग वापरा, त्यात बटणं आणि मीटर डोळ्यांसमोर दिसतात त्यामुळे नवीन माणसाला मी तेच सुचवतो. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये रिग म्हणून मग आयसी-७३०० न निवडता एफएलरिग निवडायचं.

पोर्ट झाला, आता आवाज. लिनक्सच्या आवाजाबद्दल लोक फार घाबरवतात, अल्सा, पल्सऑडिओ, पाइपवायर अशी नावं फेकतात. तुमच्यापुरतं एवढं पुरे: अल्सा खालचा थर, त्याच्यावर पूर्वी पल्सऑडिओ असायचा आणि मिंट २२ पासून पाइपवायर आहे, आणि दोन्हींसाठी एकच खिडकी वापरायची, पाव्हुकंट्रोल. ती इन्स्टॉल करा. रेडिओ त्यात यूएसबी ऑडिओ कोडेक म्हणून दिसतो.

केबल जोडली की कधीकधी सिस्टिम ठरवते की नवीन स्पीकर आला, आणि लॅपटॉपचा सगळा आवाज रेडिओकडे वळवते. म्हणजे तुम्ही सीक्यू (कोणी आहे का अशी हाक) मारताय आणि त्याच वेळी मेल आल्याची टिंग बँडवर जातेय. पाव्हुकंट्रोलमध्ये लॅपटॉपचं स्वतःचं साउंड कार्ड डिफॉल्ट करा, रेडिओचं कधीही डिफॉल्ट ठेवू नका, आणि मिंटच्या सेटिंगमध्ये सिस्टिमचे आवाज बंदच करा. आपल्या कॉलसाइनखाली हवेत काय जातंय याची जबाबदारी आपली आहे, शेजारच्या स्टेशनला त्रास द्यायचा नाही ही या छंदातली पहिली शिस्त.

रेडिओत डेटा मोडचा ऑडिओ इनपुट यूएसबीवर ठेवायचा, मोड यूएसबी-डी (हा यूएसबी म्हणजे अपर साइडबँड, केबलचा नव्हे). डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या ऑडिओ टॅबमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे तोच कोडेक निवडा, तिथे एकाच कार्डाची चार-पाच नावं दिसतील, अल्सा-इनपुट आणि अल्सा-आउटपुटने सुरू होणारी आणि पुढे यूएसबी कोडेक असलेली घ्या, मॉनिटर लिहिलेलं घेऊ नका, तो आपणच पाठवलेला आवाज परत ऐकवतो. लेव्हल अशी: बँडवर नुसता नॉइझ असताना डावीकडचा मीटर ३० डीबीच्या आसपास हिरवा दिसला पाहिजे. ट्रान्समिटला पाव्हुकंट्रोलमधला रेडिओचा व्हॉल्यूम एका जागी ठेवून द्या आणि डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या पॉवर स्लायडरने एवढं खाली या की रेडिओचा एएलसी मीटर (जास्त झालेली लेव्हल दाबणाऱ्या सर्किटचा) जेमतेम हलेल किंवा हलणारच नाही. एएलसी मारत असेल तर सिग्नल रुंद होतो, मोठा होत नाही. सेटिंगमधलं स्प्लिट ऑपरेशन फेक-इट ठेवा, मग पाठवायचा टोन नेहमी १५०० ते २००० हर्ट्झमध्येच राहतो आणि त्याचे हार्मोनिक फिल्टरच्या बाहेर पडतात.

पॉवरबद्दल एक. एफटी८ च्या १५ सेकंदांच्या खिडकीत सिग्नल साधारण साडेबारा सेकंद सलग पूर्ण ताकदीने जातो, बोलताना होते तशी मध्ये विश्रांती नाही. १०० वॉटच्या रेडिओवर २५-३० वॉट पुष्कळ झाले. फायनल्सना म्हणजे शेवटच्या पॉवर ट्रान्झिस्टरना त्रास नाही आणि लांबच्या स्टेशनला फरकही फारसा पडत नाही, कारण हा मोड नॉइझच्या खाली २० डीबीच्या आसपास गेलेला सिग्नलसुद्धा उचलतो.

तिसरं घड्याळ. दोन्ही बाजूंची घड्याळं एकमेकांपासून एक सेकंदाच्या आत असली की डिकोड नीट होतं. मिंटमध्ये नेटवरून वेळ घेण्याची सोय असतेच, पण मी क्रोनी टाकायला सांगतो, ते घड्याळाची चाल मोजत राहतं आणि नेट मध्येमध्ये गेलं तरी सांभाळून घेतं. क्रोनीसी ट्रॅकिंग अशी कमांड दिली की घड्याळ किती चुकतंय ते सेकंदाच्या बारीक भागात दाखवतं. एफटी८ च्या खिडकीत डीटी नावाचा कॉलम असतो तोही बघत जा, सगळ्यांचा डीटी एकाच दिशेने एक-सव्वा सेकंद दिसत असेल तर चूक तुमच्या घड्याळाची आहे, एखाद्याचाच दिसत असेल तर त्याच्या.

याच लॅपटॉपवर जुनं विंडोज पण ठेवलं असेल तर आणखी एक गंमत होते. विंडोज मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं, लिनक्स ते यूटीसी समजतं. म्हणजे विंडोजमधून लिनक्समध्ये आलात आणि नेट नसेल तर घड्याळ साडेपाच तास पुढे. आता साडेपाच तास म्हणजे १९८०० सेकंद, त्याला १५ ने बरोबर भाग जातो, त्यामुळे एफटी८ एकदम छान डिकोड होतं, क्यूएसओ म्हणजे संपर्क पण होतात, काही चुकलंय असं वाटतच नाही. पण लॉगमधल्या सगळ्या वेळा साडेपाच तासांनी चुकतात, आणि एलओटीडब्ल्यूवर (संपर्क पक्के करणारी ऑनलाइन लॉगबुक सेवा) दोन्हीकडच्या नोंदी ३० मिनिटांच्या आत जुळाव्या लागतात, म्हणजे एकही कन्फर्मेशन मिळणार नाही. उपाय सोपा आहे, टाइमडेटसीटीएलने लिनक्सलाच सांगायचं की हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर आहे, किंवा विंडोज काढूनच टाकायचं. शेतात, गडावर जाऊन स्टेशन लावणार असाल जिथे नेटच नाही, तर यूएसबीचा छोटा जीपीएस आणि जीपीएसडी, तो क्रोनीला जोडायचा. रास्पबेरी पायवाल्यांनी तर हे करायलाच हवं, पाय ४ पर्यंत त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, पाय ५ मध्ये आहे पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते.

एवढं झाल्यावर डब्ल्यूएसजेटी-एक्स. सॉफ्टवेअर मॅनेजरमधली आवृत्ती बऱ्याचदा जुनी असते, म्हणून त्यांच्या मूळ साइटवरून डेब फाइल उतरवा आणि डबल क्लिक करा. कॉलसाइन टाका, ग्रिड म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचा कोड टाका, सांगलीचं एमके७६ आहे, पुढची दोन अक्षरं नकाशावरून काढा. ४० मीटरला ७.०७४, २० मीटरला १४.०७४. संध्याकाळी ४० आणि दुपारनंतर २० किंवा त्यावरचे बँड लावून आधी नुसतं ऐका, चांगला तासभर ऐका. वॉटरफॉलवर ओळी दिसायला लागल्या आणि उजवीकडे-डावीकडे कॉलसाइन यायला लागले की मगच ट्रान्समिट चालू करा.

आता समजा सगळं चालतंय, आणि ट्रान्समिट केलं की मध्येच रेडिओ गायब होतो, साउंड कार्ड सापडत नाही असं येतं, कर्सर आपोआप फिरतो. लोक म्हणतात लिनक्सचा यूएसबी ड्रायव्हर खराब आहे. नाही हो, ही आरएफ म्हणजे रेडिओ लहरींची ऊर्जा आहे, अँटेनातली पॉवर कोॲक्सच्या म्हणजे अँटेनाच्या केबलच्या बाहेरच्या बाजूने परत घरात येतेय आणि यूएसबी केबलमध्ये घुसतेय. फ्लॅटच्या गॅलरीतून सोडलेली एंड-फेड तार असेल तर हे होण्याची शक्यता फारच जास्त. ओळखायचं कसं? पॉवर ५ वॉट करा, त्रास थांबला म्हणजे आरएफच. डीमेसेजमध्ये त्याच सेकंदाला यूएसबी डिस्कनेक्ट लिहिलेलं दिसेल, ही सोय लिनक्समध्ये फार चांगली आहे, तो गप्प बसत नाही, काय झालं ते लिहून ठेवतो. यूएसबी केबल आखूड घ्या, दोन्ही टोकांना फेराइट लावा, एचएफसाठी ३१ नंबरचं मटेरियल, केबलचे तीन-चार वेढे त्यातून काढता आले तर उत्तम, एक नुसता क्लिप-ऑन पुरत नाही. आणि खरा इलाज अँटेनाच्या फीडपॉइंटला, म्हणजे केबल जिथे जोडते तिथे, चोक, ही परत येणारी पॉवर अडवणारी गुंडाळी. याच्या उलटही तपासा, लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर बँडवर नॉइझ वाढतो का. वाढत असेल तर ऑपरेट करताना बॅटरीवर चालवा किंवा चार्जर बदला.

हँडीसाठी चर्प. हे पायथनमध्ये लिहिलेलं आहे, लिनक्सवर अगदी उत्तम चालतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधलं घेऊ नका, त्यांच्या साइटवरून ताजी फाइल घेऊन पिपएक्सने टाका, पद्धत तिथेच दिलेली आहे. इथे लिनक्सचा एक फायदाच आहे. स्वस्त केबलींत नकली चिपा असतात आणि विंडोजचा नवा ड्रायव्हर त्या ओळखून काम करायला नकार देतो, लिनक्सच्या कर्नलमधला ड्रायव्हर त्याच केबलवर शांतपणे चालतो. पहिलं काम म्हणजे हँडीतलं जे आहे ते तसंच वाचून एका फाइलमध्ये जपून ठेवणं, मग बदल. आणि चॅनेल भरताना दोन मीटरला १४४ ते १४६ च्या आतच राहा, नेटवर मिळणाऱ्या तयार याद्या अमेरिकेच्या असतात, तिकडचा बँड १४८ पर्यंत जातो, आपला नाही.

बाकीचं भरभर सांगतो. पीएसके, आरटीटीवाय, ऑलिव्हिया वगैरे डिजिटल मोडसाठी एफएलडिजी, लिनक्स हेच त्याचं माहेर आहे. लॉगसाठी क्यूलॉग किंवा केलॉग बघा, सीक्यूआरलॉग फार जुनं आणि भरभक्कम आहे पण त्याच्या मागे डेटाबेस सर्व्हर लागतो, नवीन माणसाने क्यूलॉगने सुरुवात करावी. डब्ल्यूएसजेटी-एक्स २२३७ पोर्टवरून क्यूएसओ पाठवतं, लॉगने तो ऐकला की नोंद आपोआप पडते. स्लो स्कॅन टीव्हीसाठी क्यूएसएसटीव्ही, स्पेस स्टेशनवरून १४५.८०० वर चित्रं पाठवण्याचे कार्यक्रम मधूनमधून असतात तेव्हा घरातल्या पोरांना बसवून दाखवा, आणि उपग्रह कधी डोक्यावरून जाणार ते जीप्रेडिक्टमध्ये. एपीआरएससाठी (रेडिओवरून आपलं ठिकाण कळवायची पद्धत) डायरवुल्फ, वेगळा टीएनसी म्हणजे पॅकेटचा मोडेम लागत नाही. आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला जोडायचा रिसीव्हर) लावणार असाल तर जीक्यूआरएक्स किंवा एसडीआर प्लस प्लस, फक्त कर्नल त्याला टीव्हीचा डोंगल समजून टीव्हीचा ड्रायव्हर लावतो, तो ब्लॅकलिस्ट करावा लागतो. आयकॉमच्या रेडिओचा वॉटरफॉल लॅपटॉपवर बघायचा असेल तर डब्ल्यूएफव्ह्यू, हे मात्र जरूर टाकाच, ७३०० चा स्कोप मोठ्या स्क्रीनवर बघण्यात फार मजा आहे.

काय चालत नाही तेही स्पष्ट सांगायला हवं. हॅम रेडिओ डिलक्स आणि काँटेस्टसाठी एन१एमएम ही विंडोजचीच. काँटेस्ट गंभीरपणे करायचं असेल तर लिनक्सवर टीएलएफ आणि नॉट१एमएम आहेत, मला ते पुरतात, पण ग्रुपमध्ये बसून एकाच नेटवर्कवर मल्टी-ऑपरेटर चालवायचं तर बाकी सगळे एन१एमएमवर असतात आणि तिथे वेगळं काहीतरी घेऊन बसण्यात अर्थ नाही. विनलिंकसाठी म्हणजे रेडिओवरून ईमेलसाठी पॅट नावाचा फार सुंदर क्लायंट लिनक्सवर आहे, पण व्हारा मोडेम विंडोजचं, ते वाइनमध्ये चालतं, थोडी खटपट आहे. वाइनमध्ये कॉम पोर्ट म्हणजे त्याच्या डॉसडिव्हायसेस फोल्डरमधली एक लिंक असते, तुमचा रेडिओ वाइनमध्ये सापडत नव्हता तो यामुळेच, आणि डायलआउटमुळे. डीएमआर म्हणजे डिजिटल आवाजाच्या हँडीच्या कंपन्यांची प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर विंडोजपुरतीच असतात, त्यातल्या काही मॉडेलांना क्यूडीएमआर चालतं, बाकीच्यांसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज टाकून यूएसबी तिकडे द्यायचा. फर्मवेअर अपडेट मात्र व्हर्च्युअल मशीनमधून करू नका, मध्येच यूएसबी सुटला तर रेडिओ अर्धवट अवस्थेत अडकतो, त्यासाठी तासाभरापुरता मित्राचा विंडोज लॅपटॉप मागा. तुमच्या ७३०० ला तेही नको, त्याचं फर्मवेअर एसडी कार्डावरून होतं.

मॅकवाले पण वाचत असतील म्हणून दोन ओळी. डब्ल्यूएसजेटी-एक्स मॅकवर आहे, पण इन्स्टॉल करताना सोबतची एक छोटी प्लिस्ट फाइल सिस्टिमच्या लाँचडेमन्स फोल्डरमध्ये ठेवून मशीन रीस्टार्ट करावं लागतं, नाहीतर शेअर्ड मेमरीची एरर येते, रीडमीमध्ये सगळं लिहिलेलं आहे पण ते कोणी उघडत नाही. मायक्रोफोनची परवानगी मागितली की हो म्हणा, नाही म्हटलंत तर वॉटरफॉल कोरा राहतो. पोर्ट निवडताना टीटीवायने सुरू होणारा नाही, सीयूने सुरू होणारा घ्या. लॉगसाठी रमलॉग-एनजी फुकट आहे आणि चांगलं आहे.

सगळं चालू झाल्यावर त्याच दिवशी एक काम करा. होम फोल्डरमध्ये लपलेला कॉन्फिग नावाचा फोल्डर असतो, त्यात डब्ल्यूएसजेटी-एक्सची आयएनआय फाइल, आणि लोकल-शेअरच्या आत त्याची एडीआय लॉग फाइल, या दोन्हींची कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा. एलओटीडब्ल्यूचं सर्टिफिकेट आलं की टीक्यूएसएल या त्याच्या सॉफ्टवेअरमधून ते पी१२ फाइलमध्ये एक्सपोर्ट करून त्याच पेनड्राइव्हवर टाका, लॅपटॉप जुना आहे, डिस्क कधीतरी जाणारच, आणि सर्टिफिकेट गेलं तर नवीन मागवून येईपर्यंत लॉग सही करता येत नाही. रिगसीटीएलमध्ये एफ टाइप केल्यावर काय आलं तेवढं मात्र कळवा, फ्रिक्वेन्सी आली तर आवाजापासून पुढे जाऊ, आणि एरर आली तर ती जशीच्या तशी लिहून पाठवा, सोबत एलएसयूएसबीचं आउटपुट. ७३, म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा.